सुई खाचेतच राहते

रेकॉर्डवर चरा पडेल म्हणून ज्या घरात मुलांना ग्रामोफोनजवळ फिरकू दिलं जात नसे, तिथे ‘स्क्रॅचिंग’ हा शब्द ऐकूनच कुणाच्या तरी काळजात चर्र होईल. पण फिरती रेकॉर्ड हातानं पुढे-मागे करून नवा आवाज काढण्याच्या डीजेंच्या या कलेत चरा पाडायचा नसतो. सुई खाचेतून बाहेर येतच नाही. हात फक्त तबकडी सुईखालून पुढे-मागे सरकवतो. सराव वाढला की एकाच जागी घासून रेकॉर्ड झिजते हे खरं, पण सुई खाच सोडून उडाली तर ती वाजवणाऱ्याची चूकच.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७५ च्या सुमारास थिओडोर लिव्हिंग्स्टन नावाचा लहान मुलगा खोलीत मोठ्यानं रेकॉर्ड वाजवत होता. आई दारात येऊन रागावली. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून त्यानं फिरती तबकडी हातानं धरली आणि ती बोलत असताना हात मागेपुढे होत राहिला. तो आवाज त्याला आवडला, मग त्यानं तो घोटला. पुढे जग त्याला स्क्रॅचिंग सुरू करणारा डीजे ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून ओळखू लागलं.

हा आवाज येतो कुठून? रेकॉर्डची खाच केसाहून बारीक असते आणि तिच्या भिंती नागमोडी कोरलेल्या असतात. हिऱ्याची सुई त्या वळणांवरून जाताना थरथरते. तिच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक, आणि त्याच्याजवळ तारेची वेटोळी. चुंबक हलला की वेटोळ्यांत काही मिलिव्होल्ट वीज निर्माण होते. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. मात्र ही वीज चुंबक किती अंतर हलला यावर नाही, किती वेगानं हलला यावर ठरते. मला सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्यामुळे हाताचा वेग थेट आवाजात उतरतो.

हाताचा वेग दुप्पट केला तर सुई तीच वळणं अर्ध्या वेळात पार करते आणि सूर एक सप्तक वर चढतो. शिवाय सुईची थरथर जलद झाल्यानं विजेचा दाबही वाढतो. हात थांबला की शांतता. दिशा बदलताना वेग क्षणभर शून्य होतोच, त्यामुळे जाण्याच्या आणि येण्याच्या आवाजात आपोआप फट पडते. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबत घुमारा ओढतो ना, तसा इथेही सूर पायऱ्या न घेता सरकत जातो. परतीचा आवाज मात्र निराळा असतो. ढोलाचा ठोका एकदम उमटतो आणि हळूहळू विरतो. उलटा वाजवला की तो आधी फुगत जातो आणि मग तटकन तुटतो.

स्क्रॅच करायच्या आवाजाला रेकॉर्डवर जागा किती मिळते? मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. अर्ध्या सेकंदाचा शब्द साधारण १०० अंशांत मावतो. तो कुठे सुरू होतो हे डोळ्यांना दिसावं म्हणून तबकडीच्या मधल्या लेबलवर घड्याळाच्या काट्यासारखी पट्टी चिकटवतात.

यंत्रही साजेसं लागतं. टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र. पट्ट्यानं फिरणाऱ्या टर्नटेबलवर तबकडी रोखली की पट्टा घसरतो आणि पुन्हा वेग पकडायला वेळ जातो. १९७२ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलमध्ये पट्टाच नाही, रेकॉर्ड ज्यावर ठेवतात त्या ताटाला मोटार थेट फिरवते. या टर्नटेबलच्या १९७९ च्या आवृत्तीचं ताट थांबलेल्या स्थितीतून ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतं. ताट आणि तबकडी यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबून बनवलेल्या लोकरी कापडाची, गुळगुळीत चकती असते, म्हणून वर हातानं तबकडी धरली तरी खाली ताट फिरतच राहतं. विजेच्या उपकरणांचं शिक्षण घेतलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्राँक्समधल्याच डीजेनं ही चकती कापडाला खळ देऊन, कडक करून घरीच तयार केली होती.

दुसरा हात फेडरवर. टर्नटेबलांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सर या यंत्रावरची ही आडवी सरकपट्टी आवाज उघडते आणि बंद करते. फेडर न हलवता नुसतं पुढे-मागे करणं म्हणजे ‘बेबी स्क्रॅच’. पुढे जाताना फेडर मिटत नेला आणि परतताना उघडला की पक्ष्यासारखा ‘चर्प’ निघतो. ‘क्रॅब’मध्ये चारही बोटं चुटकी वाजवल्यासारखी एकामागून एक फेडरवरून निसटतात आणि अंगठा तो स्प्रिंगसारखा दर वेळी परत ढकलतो.

शिकणाऱ्यानं बेबी स्क्रॅच महिनाभर तरी सोडू नये. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र, मिनिटाला ८० ठोक्यांवर लावावा, बोटांची फक्त टोकं टेकवावीत. तबकडी खाली दाबली की ती डुगडुगते आणि सुई उडते. जोर आडवा हवा. सुईवर ३ ते ४ ग्रॅम भार ठेवतात. तो याहून वाढवला की सुई आणि रेकॉर्ड दोन्ही लवकर झिजतात.

हल्ली बऱ्याच जणांच्या टर्नटेबलवरच्या रेकॉर्डमध्ये गाणंच नसतं. तिच्यात एक अखंड एकसुरी आवाज कोरलेला असतो, डाव्या आणि उजव्या स्पीकरकडे जाणाऱ्या वाहिन्यांत किंचित मागेपुढे. सूर किती चढला यावरून संगणक वेग ओळखतो, आणि कोणती वाहिनी पुढे आहे यावरून दिशा. गाणं संगणकात असतं, आणि सुई वाचते ती फक्त हाताची हालचाल.