कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरचा बिघाड

इंजिनातील कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा, कोणत्या क्षणी कोणत्या स्थितीत आहे हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला, कळवणारा सेन्सर, त्याची वायर किंवा त्याचा कपलर (वायर जोडणारा प्लग) यांतील दोषामुळे मोटारीत येणारा बिघाड. मुंबईच्या गॅरेजांत याला सरसकट ‘कॅम सेन्सर गेला’ म्हणतात. सेन्सर मात्र अनेकदा शाबूत असतो आणि वायर गेलेली असते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. पिस्टन वर आला हे क्रँकशाफ्टवर नजर ठेवणाऱ्या क्रँक सेन्सरला कळते. पण तो पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबायला वर आला की जळका धूर बाहेर ढकलायला, हे त्याला सांगता येत नाही. ते कॅम सेन्सर सांगतो, आणि त्यावरून कोणत्या सिलिंडरला कधी पेट्रोल सोडायचे हे ईसीएम ठरवतो. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत ठिणगी योग्य सिलिंडरला पोहोचवण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करी. तो रुसला की टॅक्सीवाला त्यातल्या पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कावर, पॉलिश पेपर फिरवून पुढे निघे. ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

आजच्या बहुतेक गाड्यांतला सेन्सर एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या चुंबकीय ‘हॉल परिणामा’वर चालतो आणि त्याला तीन वायरी असतात : वीजपुरवठा, अर्थ आणि सिग्नल. दोन वायरींचा चुंबकीय प्रकारही आढळतो.

बिघाड झाला की मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पिकअप बसतो, एव्हरेज घटते. बऱ्याच गाड्या चालू असताना कॅमचा सिग्नल तुटला तरी क्रँकच्या भरवशावर धावत राहतात, आणि बंद केल्यावर पुन्हा चालू व्हायला नखरे करतात. सर्वांत छळणारा प्रकार उष्णतेचा. भर दुपारी पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीत गाडी बंद पडते, मागून हॉर्नचा गजर सुरू होतो. बॉनेट उघडून वीसेक मिनिटे उभे राहिले की काही झालेच नाही अशा थाटात ती चालू होते. तापल्यावर सेन्सरच्या आतील जोड सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा टेकतो. क्रँक सेन्सरही अगदी असेच करतो, म्हणून नुसत्या लक्षणावर निदान करू नये.

ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर सहसा पी०३४० हा कोड दिसतो. त्याचा अर्थ ‘कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष’ इतकाच आहे. ‘सेन्सर बदला’ असे तो सांगत नाही. तो अर्थ घाईत असलेला मेकॅनिक लावतो. पी०३४१ म्हणजे सिग्नल येतो पण अपेक्षेप्रमाणे नाही, आणि पी००१६ म्हणजे क्रँक व कॅम यांचा मेळ बसत नाही.

मुंबईत वायरीचा संशय आधी घ्यावा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली मुक्काम ठोकतात आणि वायरिंग कुरतडतात. हिंदमाता किंवा मिलन सबवे अशा पावसात तुंबणाऱ्या ठिकाणच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कपलरमध्ये पाणी शिरते. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडतात. चौथा संशयित या शहरात खास : बाहेरून बसवलेले सीएनजी किट. काही किटांसोबत येणारा टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगी थोडी आधी पाडणारे उपकरण) क्रँक किंवा कॅम सेन्सरची वायर मध्येच कापून जोडलेला असतो. तो जोड नुसता पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळलेला असेल, तर दोन पावसाळ्यांत तो सैल पडतो, आणि दोष सेन्सरच्या माथी येतो.

तपासणीला साधा मल्टीमीटर पुरतो. कपलर काढून, चावी ऑन ठेवून, गाडीकडून येणाऱ्या पिना मोजाव्यात. पुरवठ्याच्या पिनेवर गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट यायला हवेत आणि अर्थ पक्का हवा. बहुतेक हॉल सर्किटांत सिग्नलच्या पिनेवरही ईसीएमकडून व्होल्टेज येते. ते आले तर ती वायर तिथपर्यंत शाबूत आहे. मग कपलर परत लावून, सिग्नलच्या वायरीला मागून बारीक पिन टेकवून, क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. आकडा शून्याजवळून वर उडी घेतो आणि पुन्हा खाली येतो. पुरवठा आणि अर्थ ठीक असूनही पूर्ण दोन फेऱ्यांत तो जागचा हललाच नाही, तर सेन्सरवर ठपका ठेवायला हरकत नाही. याच वेळी वायर हाताने हलवून पाहावी. आकडा नाचला की दोष तिथेच. हॉल सेन्सरचा ओहममध्ये रोध मोजून काही कळत नाही. ती परीक्षा दोन वायरींच्या प्रकाराची.

तुटलेली वायर डाख देऊन वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून जोडावी. सेन्सर बदलणे त्या मानाने किरकोळ काम आहे : बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, एक बोल्ट सोडायचा, सेन्सर डावी-उजवीकडे हलवत ओढायचा. जुनी ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी कडी) आतच अडकली नाही ना ते बघावे, नव्या रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावावे आणि बोल्ट बेताने आवळावा. ॲल्युमिनियममधील आटे लवकर जातात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांतून काढलेले सुटे भाग मिळतात, पण सेन्सर तसा घेऊ नये. तापल्यावर दगा देणारा सेन्सर काउंटरवर थंड असताना ठणठणीतच दिसतो.

नवा सेन्सर लावून, कोड पुसूनही पी०३४१ किंवा पी००१६ परत आला, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणाऱ्या टायमिंग चेन वा बेल्टकडे वळावे. थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद पुढून साखळीचा खडखडाट येत असेल, तर ती ताणली गेली असण्याची किंवा तिला ताठ ठेवणारा टेन्शनर ढिला पडल्याची शक्यता मोठी. काही इंजिनांत साखळी दातांवरून सरकली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत न नेता टो करून न्यावी.