हृदय थांबल्यानंतरची काही मिनिटं

नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर मरणाचा विषय निघाला, की ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतोच. अमक्याचे आजोबा गेले, तिरडी बांधायला घेतली आणि आजोबा उठून बसले. म्हणाले, दोघं जण न्यायला आले होते. वर गेल्यावर वही उघडली, तर नाव तेच पण गाव दुसरं. मग परत सोडलं. आणि त्याच दिवशी शेजारच्या गावात त्याच नावाचा माणूस गेला.

या गोष्टीचा रीतसर अभ्यास झालेला आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हनसन यांनी १९८६ साली भारतातल्या अशा १६ हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या माणसांना यमदूत दिसले होते, हिशेबाची वही घेऊन बसलेला कुणीतरी दिसला होता आणि ‘चुकीच्या माणसाला आणलं’ म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या हकिगतींमध्ये चुकून नेल्याचा हा प्रकार जवळजवळ नाही. तिथे लांब बोगदा असतो, त्याच्या टोकाला प्रकाश असतो, आधी गेलेले नातलग भेटतात आणि ‘तुझी वेळ झालेली नाही’ असं सांगतात. ज्याच्या त्याच्या मनात लहानपणापासून जे चित्र रुजलेलं, ते त्या क्षणी समोर येतं, हे तर उघड आहे. पण त्यावरून सगळ्या हकिगती मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. चित्रं वेगळी असली तरी सांगाडा फार सारखा आहे: देहापासून सुटल्यासारखं वाटणं, वेदना थांबणं, कुणीतरी भेटणं, एका हद्दीपाशी पोहोचणं आणि तिथून मागे फिरणं. जगभरच्या माणसांना हे दिसत असेल, तर माणसाच्या मेंदूत त्याचं काहीतरी समान कारण असलं पाहिजे.

स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी १८९२ सालीच आल्प्समधल्या कड्यांवरून पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव गोळा केले होते. पडताना भीती नव्हती, मन विलक्षण शांत होतं, काळ संथ झाला होता, सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं, असं त्यांनी सांगितलं होतं. ‘मृत्युसमीप अनुभव’ हा विषय लोकांपर्यंत नेला तो रेमंड मूडी यांच्या १९७५ सालच्या पुस्तकाने. पुढे १९८३ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी १६ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. ३२ पैकी ७ किंवा जास्त गुण मिळाले, तरच तो मृत्युसमीप अनुभव धरायचा. आज जवळजवळ सगळं संशोधन हीच पट्टी वापरतं.

मग किती जणांना हा अनुभव येतो? नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी १० रुग्णालयांमध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांना विचारलं. त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. हृदय किती वेळ बंद होतं, कोणती औषधं दिली होती, मरणाची भीती आधी किती होती, यांपैकी कशाशीही त्याचा मेळ लागला नाही. बाकी ८२ टक्क्यांना काहीच आठवत नव्हतं. नुसता प्राणवायूचा तुटवडा हे कारण असतं, तर अनुभव सगळ्यांना यायला हवा होता, असं व्हॅन लोमेल म्हणतात. मुद्दा बिनतोड वाटतो. पण आपण सगळेच रोज रात्री स्वप्नं पाहतो आणि सकाळी बहुतेकांना त्यातलं काही आठवत नाही. अनुभव येणं आणि तो स्मृतीत टिकणं या दोन निराळ्या पायऱ्या आहेत.

इथे शरीर नेमकं कसं बंद पडतं ते समजून घ्यायला हवं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. हृदय थांबलं की १० ते २० सेकंदांत शुद्ध जाते आणि मेंदूच्या वरच्या थरातली विद्युत हालचाल ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखावर, सपाट होऊ लागते. पेशींना कायमची इजा व्हायला मात्र मिनिटं लागतात. रक्त पोहोचलं नाही तर चार ते सहा मिनिटांनंतर धोका वेगाने वाढतो. आणि पेशी मरण्याची क्रिया तर तासन्‌तास चालते. येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंमध्ये, मरणानंतर चार तासांनी, खास द्रव फिरवून पेशींची काही कामं पुन्हा सुरू करून दाखवली. त्या मेंदूंमध्ये जाणिवेची कुठलीही खूण नव्हती, पण पेशी जिवंतपणी करतात ती कामं करत होत्या. मरण हा एक क्षण नसून उतरत जाणारी क्रिया आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला आता पक्की ठाऊक आहे. मृत्युसमीप अनुभव सांगणारी माणसं या उताराच्या वरच्या भागातून मागे वळलेली असतात. तळाला कुणीच पोहोचलेलं नसतं.

सीपीआर चालू असताना छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब दिला जातो. तो उत्तम दिला तरी रक्तप्रवाह नेहमीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकाच होतो. पण तेवढ्यानेही कधी कधी मेंदूला पुरतं. दाब चालू असताना रुग्ण डोळे उघडतो, सिस्टरचा हात धरतो, आणि दाब थांबवला की पुन्हा निपचित पडतो, हे आयसीयूतल्या लोकांनी पाहिलेलं आहे. म्हणजे मॉनिटरवर हृदयाची सरळ रेघ दिसत असली, तरी त्या वेळी मेंदू पूर्ण बंदच होता असं धरून चालता येत नाही.

निफाडकडचे आमच्या ओळखीचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, हृदय बंद पडलं, शॉक देऊन परत सुरू झालं. बरे होऊन घरी आल्यावर कितीतरी महिन्यांनी, चहा पिताना, त्यांनी सहज सांगितलं. विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या माणसाला वर जेवढं आभाळ दिसतं, तेवढा गोल उजेड दिसत होता आणि आपण त्याच्याकडे आपोआप वर जात होतो. काठावर वडील उभे होते. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. डोक्याला टॉवेल, हातात छाटणीची कात्री. म्हणाले, ‘ऑक्टोबर छाटणी अजून व्हायचीय, तू कुठं निघाला? जा माघारी.’ मी विचारलं, ‘काका, डॉक्टरांना सांगितलंत का हे?’ ते म्हणाले, ‘कशाला? वेड्यात काढलं असतं. पोरांनासुद्धा नाही सांगितलं.’

बोगद्याऐवजी विहीर, फरिश्त्याऐवजी कात्री घेतलेला बाप. त्यांच्या मेंदूने त्यांच्याच आयुष्यातलं सामान वापरलं. पण तो गोल उजेड कुठून आला? त्याचं एक चांगलं उत्तर आपल्याला विमानांकडून मिळतं. ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई विमानं बनतात, हे नाशिककरांना सांगायला नको. अशा लढाऊ विमानाने वेगात वळण घेतलं, की वैमानिकाचं रक्त पायांकडे ओढलं जातं. डोळ्याच्या पडद्याला आणि मेंदूला रक्त कमी पडतं. नजर कडांकडून काळी होत येते आणि मधला गोलच तेवढा उरतो. पुढे शुद्ध जाते. अमेरिकेत जेम्स व्हिनरी यांनी गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवलेल्या वैमानिकांचा असा अभ्यास केला. शुद्धीवर येताना त्यांतल्या काहींना छोटी, आनंदी स्वप्नं पडल्याची, देहाबाहेर असल्यासारखं वाटल्याची नोंद आहे. ती माणसं मरणाच्या जवळपासही नव्हती. जर्मनीत १९९४ साली ४२ निरोगी तरुणांना थोडा वेळ मुद्दाम चक्कर आणून बेशुद्ध केलं, तेव्हा त्यांच्यातही अनेकांनी प्रकाश, शांतता, दुसऱ्या जगात गेल्याची भावना सांगितली.

देह सोडून वर तरंगण्याचा भाग लोकांना सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो. त्याबाबत २००२ सालचा एक प्रसंग महत्त्वाचा आहे. मेंदूविकारतज्ज्ञ ओलाफ ब्लँके आणि त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडमध्ये एका अपस्माराच्या रुग्ण बाईंच्या मेंदूवर उपचारापूर्वीच्या चाचण्या करत होते. कानाच्या वर-मागे, उजव्या बाजूला एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह दिला, की त्या बाईंना आपण पलंगावर पडलेल्या स्वतःकडे वरून पाहतोय असं वाटायचं. दिसायचे मात्र फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. प्रवाह बंद केला की अनुभवही बंद. डोळे, कानातला तोल आणि स्नायूंकडून येणाऱ्या खबरा याच भागात जुळवल्या जातात आणि ‘मी इथे, या देहात आहे’ ही जाणीव तयार होते. ती जुळणी बिघडली, की ‘मी’ची जागा सरकते. मला स्वतःला हा शोध फार विलक्षण वाटतो. आपण देहात आहोत ही खात्रीसुद्धा मेंदू क्षणोक्षणी घडवत असतो.

मग मरणाऱ्या मेंदूत प्रत्यक्ष काय घडतं? मिशिगन विद्यापीठाच्या जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने २०१३ साली उंदरांमध्ये पाहिलं, की हृदय थांबल्यावर पहिल्या ३० सेकंदांत मेंदूतल्या गॅमा लहरी उलट जोर धरतात. याच लहरींचा संबंध जागेपणीच्या जाणिवेशी लावला जातो. २०२३ साली त्यांनी कोमातल्या, व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांच्या नोंदी मांडल्या. दोघांमध्ये तशीच उसळी दिसली, दोघांमध्ये नाही. ती उसळी ब्लँके यांनी दाखवलेल्या भागाच्या आसपासच होती. वाचताना अंगावर काटा येतो. पण ते चारही रुग्ण गेले. त्यांनी काही पाहिलं का, हे विचारायला कुणी उरलं नाही. ज्यांच्या मेंदूची अशी नोंद आहे ते बोलू शकत नाहीत आणि जे सांगतात त्यांच्या त्या क्षणांची नोंद नसते. या क्षेत्रातली खरी अडचण हीच आहे.

त्या अडचणीला सरळ भिडले ते अतिदक्षता विभागातले डॉक्टर सॅम पार्निया. ऑपरेशन चालू असताना वरून सगळं पाहिलं, असं रुग्ण सांगतात ना, मग छतालगतच्या फळ्यांवर वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवू या, असं त्यांनी ठरवलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात हृदय बंद पडल्याच्या २,०६० घटना होत्या. मुलाखत देता आली ती १४० जणांना. दोघांनी त्या वेळचं पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट सांगितलं आणि एकाची हकिगत प्रत्यक्ष घटनांशी जुळली. पण त्या दोघांच्या खोलीत फळीच नव्हती. २०२३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ५६७ रुग्ण, वाचले ५३, मुलाखती २८. ११ जणांना जाणिवेच्या खुणा असलेल्या आठवणी होत्या. या वेळी फळीऐवजी टॅबलेटच्या पडद्यावर दाखवलेलं चित्र कुणीच ओळखलं नाही. हेडफोनमधून ऐकवलेली फळांची नावं एकाने ओळखली. सीपीआर चालू असताना काही रुग्णांच्या ईईजीत ३५ ते ६० मिनिटांनंतरही नेहमीसारख्या लहरी मधूनमधून परतत होत्या, हा मात्र नवा आणि मोलाचा शोध आहे.

जाणीव मेंदूपासून सुटी राहू शकते, असं मानणारे संशोधक आहेत. व्हॅन लोमेल त्यांच्यातलेच. त्यांचा आदर ठेवूनही मला वाटतं, की एवढ्या मोठ्या दाव्याला लागणारा पुरावा हाती आलेला नाही. त्याच वेळी मेंदूतल्या विद्युत हालचालीतून ‘कुणीतरी असल्याची’ जाणीव कशी उपजते, याचं उत्तरही विज्ञानाने दिलेलं नाही. दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

एक घोटाळा मात्र दूर व्हायलाच हवा. ‘हृदय थांबलेला माणूस परत येतो, मग मेंदूमृत माणूस का नाही येणार?’ हा प्रश्न अवयवदानाच्या वेळी नातेवाईक विचारतात. दोन्ही अवस्था एकदम निराळ्या आहेत. मेंदूमृत रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग, कायमचा बंद पडलेला असतो. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाला, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासण्या करून तसं प्रमाणित करावं लागतं. त्या तपासण्यांत नीट मेंदूमृत ठरलेला माणूस परत येत नाही.

आणि रुग्णाच्या उशाशी काय बोलतो, याकडे लक्ष द्यायला हवं. गंगेवरून आणलेलं पाणी आणि तुळशीपत्र पिशवीत ठेवून, कुणाला कळवायचं, गाडी कधी काढायची, जमिनीचं काय, ही कुजबुज आयसीयूत पलंगाला टेकून चाललेली मी ऐकली आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या शुश्रूषागृहात अखेरच्या काही तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांचा ईईजी काढला, तेव्हा काहींचा मेंदू आवाजांना निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होता, असं २०२० साली प्रसिद्ध झालं. ऐकलेलं त्यांना समजत होतं का, हे त्यावरून ठरत नाही. पण हात हातात घेऊन नावाने हाक मारायला, आपण इथे आहोत एवढं सांगायला ते पुरेसं कारण आहे.

जे वाचून घरी येतात, त्यांना डिस्चार्जच्या वेळी किंवा पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एक प्रश्न विचारावा: ‘त्या वेळचं काही आठवतंय का?’ सगळ्यांचे अनुभव शांत नसतात. काहींना भयंकर दिसलेलं असतं आणि ते त्याविषयी कुणाशी अवाक्षर काढत नाहीत. उत्तर आलं तर ते मध्येच न तोडता ऐकावं, त्याला देवाचा साक्षात्कारही ठरवू नये आणि भ्रमही. रुग्णाला बोलायचं असेल तर समुपदेशकाकडे पाठवावं आणि त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, केसपेपरवर लिहून ठेवावं. यातलं संशोधन आजवर बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर झालंय. पसरिचांच्या त्या १६ हकिगतींनंतर आपल्याकडच्या माणसांनी काय पाहिलं, याची मोठी, काटेकोर नोंद व्हायला हवी. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शहरात हृदयरोगाची इतकी रुग्णालयं आहेत. एखाद्या एम.डी.च्या विद्यार्थ्याने हा विषय प्रबंधाला घेतला, तर त्याला पहिली मुलाखत द्यायला निफाडचे काका आता तयार आहेत. मी त्यांना विचारलंय.