पिंचबॅक, पी. बी. एस.

पिंचबॅक, पिंकनी बेंटन स्ट्यूअर्ट : (१० मे १८३७ – २१ डिसेंबर १९२१). लुइझियानाचे रिपब्लिकन राजकारणी. अमेरिकेतील एखाद्या राज्याचे गव्हर्नरपद सांभाळणारे पहिले कृष्णवर्णीय. जन्म जॉर्जिया राज्यातील मेकन येथे. वडील गोरे मळेमालक, तर आई गुलामीतून मुक्त झालेली. १८४८ मध्ये वडील वारल्यावर, पुन्हा गुलाम केले जाण्याच्या धास्तीने आई मुलांसह सिनसिनाटीला गेली. पुढे मिसिसिपीवरील आगबोटींत नोकरी. यादवी युद्धात त्यांनी न्यू ऑर्लीन्स येथे उत्तरेच्या, म्हणजे संघराज्य सरकारच्या, फौजेसाठी कृष्णवर्णीयांची तुकडी उभारली व ते कप्तान झाले. मात्र कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांशी होणाऱ्या भेदभावामुळे १८६३ मध्ये राजीनामा दिला.

१८६८ मध्ये ते राज्याच्या सिनेटवर (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर) निवडून आले. अमेरिकी गव्हर्नर हा जनतेने निवडलेला कार्यकारी प्रमुख. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्याकडील राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याच्या जवळचा. पिंचबॅक मात्र या पदासाठी निवडून आलेले नव्हते, हे बरेचदा विसरले जाते. लेफ्टनंट गव्हर्नर ऑस्कर डन नोव्हेंबर १८७१ मध्ये वारले, तेव्हा ती जागा राज्य सिनेटने पिंचबॅक यांना दिली. वर्षभराने गव्हर्नर हेन्री वॉर्मथ यांच्यावर महाभियोग दाखल झाला. राज्याच्या नियमाप्रमाणे सुनावणी संपेपर्यंत गव्हर्नरला पदापासून दूर राहावे लागे व कार्यभार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जाई. सुनावणी तडीस जाण्याआधीच वॉर्मथ यांची मुदत संपली. त्यामुळे ९ डिसेंबर १८७२ ते १३ जानेवारी १८७३ असे जेमतेम पाच आठवडे पिंचबॅक कार्यवाहक गव्हर्नर राहिले. यानंतरचा कृष्णवर्णीय गव्हर्नर थेट १९९० मध्ये, व्हर्जिनियात.

त्या काळी अमेरिकी सिनेटचे (देशाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे) सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत. १८७३ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने पिंचबॅक यांना निवडले. पण १८७२ च्या वादग्रस्त निवडणुकीमुळे राज्यात दोन गव्हर्नर व दोन विधिमंडळे हक्क सांगत होती. निवड करणारे विधिमंडळ कायदेशीर होते का, यावर तीन वर्षे घोळ चालला. अखेर ८ मार्च १८७६ रोजी अमेरिकी सिनेटने ३२ विरुद्ध २९ मतांनी त्यांना जागा नाकारली. नुकसानभरपाई म्हणून वेतन-भत्त्यांची रक्कम तेवढी मिळाली. वादामागे वर्णद्वेष होताच, पण निव्वळ तेवढेच कारण म्हणणे अपुरे ठरेल.

१८७९ च्या राज्यघटना परिषदेत डेमोक्रॅटांचे वर्चस्व होते. तिथे पिंचबॅक यांनी घासाघीस करून कृष्णवर्णीयांसाठी सदर्न युनिव्हर्सिटीची तरतूद मिळवली (स्थापना १८८०). त्यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलीची सनद मिळवली. मृत्यू वॉशिंग्टन येथे. दफन न्यू ऑर्लीन्सच्या मेटरी दफनभूमीत.