चवथीला सरकवलेला सोफा

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. दोन वर्षांमागे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला जागा व्हावी म्हणून सोफा भिंतीकडे सरकवला आणि आमचा 13 वर्षांचा कुत्रा ब्रुनो त्याच्यावर जाऊन आपटला. मागे सरला, नाक वर करून हुंगलं, पुन्हा तिथंच आपटला. त्याला दिसत नाही, हे फोंड्यातल्या आमच्या घरात तोवर कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

येणार तरी कसं? कुत्र्याची नजर हळूहळू जाते तेव्हा तो घर पाठ करून टाकतो. पाण्याचं भांडं, तुळशीकडची पायरी, दार, सगळं वासानं आणि पावलांनी. कुत्र्याच्या मेंदूतलं वासाचं केंद्र आणि दृष्टीचं केंद्र यांना जोडणारी थेट वाट 2022 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवली. आंधळी कुत्री इतक्या सहज कशी वावरतात, याचं एक उत्तर त्यात असावं असं त्यांना वाटतं.

माझी फसगत आधीच झाली होती. ब्रुनो आठेक वर्षांचा असताना त्याच्या बाहुल्या निळसर, धुरकट दिसू लागल्या. मी मोतीबिंदू म्हणून घाबरलो. डॉक्टरांनी सांगितलं, हे म्हातारपण. डोळ्याच्या भिंगात जन्मभर नवे तंतू कांद्याच्या पापुद्र्यांसारखे बाहेरून चढत राहतात, जुने मध्ये दाबले जाऊन घट्ट होतात आणि प्रकाश विखुरतात. त्यानं नजर फारशी जात नाही. खरा मोतीबिंदू पांढरा, अपारदर्शक असतो. तो प्रकाश अडवतो. ते ऐकून मी निर्धास्त झालो, जरा जास्तच.

पुढं ब्रुनो रात्री अंगणात उतरेनासा झाला. आळशी झाला, असं आम्ही म्हणायचो. स्कूटरच्या उजेडात त्याचे डोळे पूर्वीपेक्षा जास्तच चमकायचे, तेही मला बरं लक्षण वाटलं. गोष्ट नेमकी उलटी होती. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा थर असतो. पडदा, म्हणजे रेटिना, झिजत गेला की त्या आरशावरून प्रकाश जास्त परततो. अंधारात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून रातांधळेपणा पहिला, दिवसाची नजर नंतर. यावर औषध नाही. पण दुखतही नाही.

दुखतो तो काचबिंदू. डोळा लाल, बुबुळ गढूळ, कुत्रा डोळा मिटून बसलेला असेल तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, कारण भिंगात साचलेली साखर पाणी ओढून घेते. मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांवर मात्र पैसे घालवू नका. त्यावर उपाय शस्त्रक्रियेचाच, तोही पडदा धड असेल तर.

घरी पारखायचं तर कापसाचा बोळा पुरे. कुत्र्यासमोर वरून सोडायचा. त्याला ना वास, ना आवाज. नजर त्याच्यामागं गेली नाही तर डॉक्टरांकडे जायचं. ब्रुनोसमोर मी चार बोळे टाकले, तो शांतपणे माझ्या तोंडाकडे कान लावून बसला.

आता पायरीच्या अलीकडे काथ्याचं पायपुसणं आहे. पंजाला ते खरखरीत लागलं की तो थांबतो. विहिरीच्या बुटक्या कठड्याला जाळी मारली. हात लावण्याआधी नाव घेतो, नाहीतर दचकून चावायचा. पावसाळा मात्र त्याला जड जातो. कौलांवर धो धो आवाज, अंगणातले वास धुऊन गेलेले. जून-जुलैत तो दारातच घुटमळतो.

त्या चवथीला विसर्जन झाल्यावर सोफा जागेवर आणला. माटोळी उतरली, चौरंग उचलला. तरी पुढचे दोन दिवस ब्रुनो त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होता.