लाल चौकटीची साक्ष

समोरून धावत येणाऱ्या कुत्र्याचा फोटो होता. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर झकास दिसला. संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहिला, तर कुत्र्याचे डोळे धूसर आणि मागच्या गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. अशा वेळी माणूस आधी लेन्सला दोष देतो, मग कॅमेऱ्याला, आणि अगदीच नाइलाज झाला तर स्वतःला. पण दोष कुणाचा याचा निदान अर्धा पुरावा त्याच फाइलमध्ये पडून असतो. फोकस करताना दृश्यातल्या कोणत्या जागेवर नजर ठेवली होती, हे कॅमेऱ्यानं लिहून ठेवलेलं असतं. योग्य सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद उघडली, की फोटोवर एक छोटी लाल चौकट उमटते.

ही नोंद ठेवायची गरज पूर्वी नव्हती. १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यानं ऑटोफोकस हौशी छायाचित्रकारांच्या हातात दिला, तेव्हा त्याला फोकस पॉइंट एकच होता, बरोबर मधोमध. कॅमेऱ्यानं कुठं पाहिलं, हा प्रश्नच नव्हता. २००७ च्या निकॉन डी३ मध्ये असे ५१ पॉइंट आले. २०१८ च्या कॅनन ईओएस आर मध्ये तर चौकट ठेवायला ५,६५५ जागा आहेत. त्यातली कोणती निवडायची हे कॅमेऱ्यावरच सोडलं, तर संध्याकाळी फोटो चाळताना आपल्या आठवणीचा काडीचाही उपयोग नाही.

फोकस पॉइंट म्हणजे नेमकं काय, तेही थोडक्यात पाहू. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरकडे वळवतो. लेन्सच्या एका बाजूनं आलेला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूनं आलेला प्रकाश तिथं वेगळा केला जातो आणि एकाच तपशिलाच्या दोन प्रतिमा पडतात. फोकस जुळला असेल तर त्या दोन प्रतिमांमधलं अंतर ठरल्याइतकं भरतं. अंतर कमी किंवा जास्त भरलं, तर फोकस अलीकडे गेला आहे की पलीकडे आणि किती, हे एका मापात कळतं. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी हेच काम फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवर आणलं. २०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये, आरसा असूनही, मुख्य सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून दोन बाजूंच्या प्रकाशाची तुलना केली होती. रीत कोणतीही असो, माप घेतलं जातं ते दृश्याच्या एका लहानशा तुकड्यावर. तो तुकडा म्हणजे फोकस पॉइंट.

आता त्या नोंदीची गंमत. डिजिटल फोटोसोबत शटरचा वेग, ॲपर्चर, तारीख-वेळ अशी माहिती साठवण्याचा जो सर्वमान्य साचा आहे, त्याचं नाव एक्झिफ. तो १९९५ साली जपानमध्ये ठरला. त्यात 'मेकरनोट' नावाचा एक कप्पा आहे, आणि त्यात काय ठेवायचं, कसं ठेवायचं, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं आहे. फोकस पॉइंटची नोंद मुख्यतः याच कप्प्यात जाते. परिणाम व्हायचा तोच झाला, प्रत्येक घरात वेगळी भाषा. सोनीच्या बऱ्याच फाइलींत चार आकडे सापडतात: फोटोची रुंदी, उंची आणि फोकसच्या जागेचे आडवे-उभे अंक. कॅनन अंतरं फोटोच्या मध्यापासून मोजतं. निकॉनच्या ५१ पॉइंटवाल्या कॅमेऱ्यांत बुद्धिबळाच्या पटासारखं नुसतं घराचं नाव मिळतं. सी६ म्हणजे मधलं घर. पण ते घर फोटोवर नेमकं कुठं येतं, हे त्या मॉडेलचा नकाशा हाताशी असल्याशिवाय सांगता येत नाही. कंपन्यांनी ही लिपी जाहीर केलेली नाही. फिल हार्वे यांनी २००३ साली सुरू केलेल्या एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमनं ती चिकाटीनं उलगडत नेली, आणि पुढच्या बऱ्याच सॉफ्टवेअरनी त्याचाच आधार घेतला.

म्हणून कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा सोनीचं इमेजिंग एज आपापल्या कॅमेऱ्यांच्या चौकटी सहज दाखवतात. घरचीच भाषा, अडचण कसली? पण असंख्य लोक ज्यात फोटो सांभाळतात त्या लाइटरूम क्लासिकमध्ये ही सोय मुळातून नाही. 'फोकस पॉइंट्स' नावाचं एक मुक्तस्रोत प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, त्यात बसवावं लागतं. ते आतून एक्झिफटूललाच कामाला लावतं आणि निकॉनच्या काही मॉडेलांसाठी त्या घरांचे नकाशेही सोबत बाळगतं. ॲपलच्या ॲपर्चर या सॉफ्टवेअरमध्ये ही चौकट दिसायची. ते २०१५ मध्ये विक्रीतून गेलं. चांगल्या सोयी काळाबरोबर वाढतातच असं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

एक काळजी मात्र घ्या. चौकट पाहायची ती मूळ फाइलवर. फोटो दुसऱ्या स्वरूपात निर्यात करताना किंवा समाजमाध्यमावर चढवताना मेकरनोटचा कप्पा बहुधा गळून पडतो. शिवाय नोंदीतले अंक कापण्याआधीच्या, न फिरवलेल्या फोटोचे असतात. उभा धरून काढलेला किंवा क्रॉप केलेला फोटो असेल आणि सॉफ्टवेअरनं त्याचा हिशेब धरला नाही, तर चौकट भलतीकडेच बसते.

समजा, चौकट बरोबर बसली. तिचा अर्थ काय? इथं बहुतेकांची फसगत होते. कॅमेऱ्यानं कुठं पाहिलं एवढंच ती सांगते. तिथं फोटो रेखीव आला, असं ती म्हणतच नाही. साक्षीदार आपण काय पाहिलं ते सांगतो, निकाल देत नाही.

समोरच्या माणसाचा डोळा मधल्या पॉइंटखाली आणायचा, शटरचं बटण अर्धं दाबून फोकस तिथंच धरून ठेवायचा, आणि मग कॅमेरा वळवून रचना साधायची, ही अनेकांची जुनी सवय. अशा फोटोत चौकट मधोमधच दिसते, म्हणजे मानेवर किंवा शर्टाच्या बटणावर. पाहणाऱ्याला वाटतं, कॅमेरा चुकला. कॅमेऱ्यानं डोळाच पाहिला होता, तो डोळा नंतर तिथून हलला. पण या सवयीत एक खरी चूकही दडलेली आहे. स्पष्ट दिसणारं प्रतल लेन्सच्या रोखाला काटकोनात असतं आणि कॅमेरा वळला की तेही वळतं. ५० मिमी लेन्स, ॲपर्चर एफ/१.४, डोळा १ मीटरवर आणि कॅमेरा १४ अंश वळवला, असं धरू. नव्या रोखानं मोजलं तर डोळा ९७ सेंटिमीटरवर येतो आणि प्रतल १ मीटरवरच राहतं. फरक ३ सेंटिमीटरचा. या लेन्सला तिथं स्पष्टतेची खोली पुढे-मागे मिळून जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूला दीडच्या थोडी वर. डोळा त्याबाहेर गेला.

दुसरी फसगत चौकटीच्या आकाराची. प्रत्यक्ष माप घेणारा भाग पडद्यावरच्या चौकटीपेक्षा पुष्कळदा मोठा असतो. पक्षी लहान असेल आणि चौकटीच्या कडेला ठळक फांदी असेल, तर सेन्सर फांदीलाच धरून बसतो. चौकट पक्ष्यावर, फोकस फांदीवर.

हे ध्यानात ठेवलं की चौकटीवरून निदान करता येतं. चौकट भिंतीवर आणि भिंत रेखीव असेल, तर पॉइंटची निवड चुकली. चौकट डोळ्यावर, पण कान रेखीव, आणि तेही स्थिर माणसाच्या एकामागून एक काढलेल्या फोटोंत, तर लेन्स आणि कॅमेऱ्याचं माप जुळत नाही. बऱ्याच डीएसएलआरमध्ये त्यासाठी सूक्ष्म दुरुस्तीची सोय असते. कुठंच काही रेखीव नसेल, तर फोकसला सोडा, बहुधा हात हलला आहे. कॅप्चर वन या फोटो सॉफ्टवेअरमधलं फोकस मास्क या कामात चांगला जोडीदार ठरतं. ते कॅमेऱ्याची नोंद वाचत बसत नाही, थेट पिक्सेल तपासून जिथं बारीक तपशील तीव्र आहेत तिथं रंग भरतं. एकाकडून कॅमेऱ्याचा इरादा कळतो, दुसऱ्याकडून प्रत्यक्ष घडलेलं.

कुत्र्याच्या त्या फोटोत लाल चौकट त्याच्या कपाळावर होती, अगदी जिथं हवी तिथं. मी लेन्सवर खापर फोडायच्या बेतातच होतो. मग त्याच मेकरनोटमधली आणखी एक ओळ वाचली. फोकसचा प्रकार: एकदाच धरून ठेवणारा. ताशी ३६ किलोमीटरनं पळणारा कुत्रा सेकंदाला १० मीटर कापतो. फोकस धरल्यावर मी जेमतेम पाव सेकंद थांबलो असेन, तेवढ्यात तो अडीच मीटर पुढे आला होता. जे गवत इतकं सुरेख उमटलं होतं, तिथं पाव सेकंदापूर्वी तो होता.