पिंजऱ्यात पाळल्याने पोपटांची जात वाचते?

‘घरोघरी पोपट पाळले तर जात टिकेल’ हा समज साफ चुकीचा आहे. रानातून पकडलेला पोपट जगला तरी तिथल्या वंशवाढीतून कायमचा बाद होतो. कितीतरी पिल्लं तर वाटेतच दगावतात. आफ्रिकी करड्या पोपटाची अशी लूट झाली, की २०१६मध्ये रानातल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय घ्यावा लागला.

बहुतेक पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. झाड तुटलं की घरटं गेलं. मॉरिशसचा एको पोपट १९८०च्या दशकात जेमतेम डझनभर उरला होता. ढोल्यांची डागडुजी, लाकडी घरटी, उंदरांचा बंदोबस्त, तज्ज्ञांनी वाढवून रानात सोडलेली पिल्लं, यांतून तो आज शेकड्यांत आहे. हौसेने पाळलेला पक्षी मात्र परस्पर रानात सोडू नये, त्याच्यामार्फत चोच आणि पिसांचा विषाणुजन्य रोग जंगली थव्यात पसरू शकतो.