एका दात्याचा घास

कापलेली फळी उचलली आणि तिच्या कडेवर कोळपल्यासारखा तपकिरी पट्टा दिसला, की पाते बोथट झाले असे समजून आपण नव्या पात्याच्या शोधाला लागतो. माझ्याकडूनही एकदा हेच झाले. चाळीस मिलिमीटर जाडीची सागवानी फळी टेबल सॉवर, म्हणजे मेजातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याच्या करवतीवर, उभी, म्हणजे तंतूंच्या लांबीच्या दिशेने, चिरताना धूर निघू लागला, म्हणून कोरे करकरीत पाते बसवले, आणि दुसरी फळीही पहिलीइतकीच करपली. धारेत काहीच खोट नव्हती. दोन्ही पाती ८० दात्यांची होती आणि त्या कामासाठी ती मुळातच चुकीची होती.

पाते निवडताना दात्यांची संख्या आपण पाहतो, पण पाहायला हवा तो प्रत्येक दात्याच्या वाट्याला येणारा घास. साधारण २५४ मिलिमीटर, म्हणजे १० इंच व्यासाचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या परिघावरचा दाता सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १९० किलोमीटर वेगाने लाकडात शिरतो. २४ दात्यांच्या पात्यावर सेकंदाला १६०० घास घेतले जातात, तर ८० दात्यांच्या पात्यावर ५३०० हून अधिक. लाकूड मिनिटाला ५ मीटर या गतीने पुढे सरकवले, तर पहिल्या पात्याच्या एका दात्यामागे लाकूड ०.०५ मिलिमीटर पुढे येते आणि दुसऱ्याच्या एका दात्यामागे जेमतेम ०.०१६ मिलिमीटर. वहीचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून या घासांचा अंदाज यावा.

आता दात्याची धार कितीही तीक्ष्ण असली, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ती गोलसरच दिसते आणि वापराबरोबर हा गोलवा वाढत जातो. घास त्या गोलव्याहून बराच जाड असेल, तर दाता लाकडात रुतून कीस उचलतो. घास फार पातळ झाला, तर तो न कापता नुसता घासत जातो. घासण्यातून उष्णता निर्माण होते. कीस जाड असेल तर त्यातली बरीचशी उष्णता त्याच्याबरोबरच बाहेर फेकली जाते, परंतु पिठासारखा बारीक भुसा दोन दात्यांमधल्या खाचेत कोंबला जातो, लाकडाच्या भिंतीवर पुन्हा पुन्हा घासतो आणि कड करपवतो. जाड फळी उभी चिरताना २४ ते ३० दाते आणि खोल, प्रशस्त खाचा असलेले पाते लागते ते यासाठी.

मग ६० ते ८० दात्यांची पाती बनवतात कशाला, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर लाकडाच्या अंतरंगात आहे. लाकूड म्हणजे एका दिशेने लावलेल्या लांब, पोकळ तंतूंची घट्ट जुडी. त्यांच्या लांबीच्या दिशेने चिरताना तंतू एकमेकांपासून सहज सुटतात, आणि पटाशीसारखा सपाट माथ्याचा दाता ते काम चोख करतो. आडव्या छेदात मात्र प्रत्येक तंतू तोडावा लागतो. सपाट दाता तो तोडण्याआधीच ओढतो, त्यामुळे कडेला ढलप्या निघतात. म्हणून आडव्या छेदाच्या पात्यावर दात्यांचे माथे आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे उतरते घासलेले असतात. प्रत्येक दात्याचे वरचे टोक सुरीसारखे आधी तंतू तोडते आणि मग उरलेला भाग मधला कीस बाहेर काढतो. येथे घास बारीक असणे फायद्याचे ठरते, कारण छेद स्वच्छ येतो आणि एरवी अशा छेदाची लांबीही थोडीच असते. प्लायवूड, लॅमिनेट किंवा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) यांसाठी आणखी एक घडण वापरतात: एक दाता दोन्ही कोपरे छाटलेला व किंचित उंच, तर पुढचा सपाट. त्यातला पहिला वाट करून देतो, दुसरा ती साफ करतो, आणि गोंदाने कडक झालेल्या थरांपुढे नाजूक टोके लवकर झिजण्याचा धोका टळतो. घरच्या कामात ज्यांना दर वेळी पाते बदलणे जमत नाही, अशांनी ४० ते ५० दात्यांचे मिश्र पाते जरूर ठेवावे, परंतु जाड लाकूड उभे चिरायचे असेल तेव्हा ते उतरवून ठेवण्याचा कंटाळा करू नये.

पात्याच्या जाडीबद्दलही बरेच बोलले जाते. नेहमीचे पाते सुमारे ३.२ मिलिमीटर रुंद चीर पाडते, तर पातळ पाते २.४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पातळ पात्याला पाऊण पटच लाकूड काढावे लागते आणि कमी ताकदीच्या मोटरवर हा फरक हाताला जाणवतो. पण तापले की ते लवकर लवते. पात्यामागची रायव्हिंग नाइफ ही पट्टी पात्याच्या पत्र्याहून जाड आणि चिरेहून पातळ असावी लागते. पाते बदलताना हे तपासले नाही, तर चीर मिटून लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला पकडले जाते आणि मागे, कापणाऱ्याच्या अंगावर, वेगाने फेकले जाऊ शकते. पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाहून जास्त आहे ना, हेही तेव्हाच पाहावे.

तापण्याचा उल्लेख आला आहे, तर एक हिशेब सांगायला हवा. पोलाद एक अंश तापमानवाढीला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढते. पात्याचा परीघ जवळजवळ ८०० मिलिमीटर असतो. कापताना तो मध्यभागापेक्षा ५० अंशांनी जास्त तापला, तर अर्धा मिलिमीटर लांब होऊ पाहतो, पण मधला थंड भाग त्याला तेवढी जागा देत नाही. वाढलेली लांबी मग बाजूला वळते आणि पाते लाटेसारखे डोलू लागते. परिघाकडून आत गेलेल्या बारीक चिरा ही वाढ सामावून घेण्यासाठीच ठेवलेल्या असतात. त्यांत साचलेला राळेचा थर साफ न करणे म्हणजे ती सोय बंद करणे होय.

निगा राखण्याचे मोठे काम या राळेशीच निगडित आहे. ताप आणि दाब यांनी लाकडातला चीक दात्यांच्या बाजूंवर डांबरासारखा चिकटतो. दाता चिरेच्या भिंतीला जेथे मोकळा राहायला हवा, तेथे तो घासू लागतो आणि धारदार पातेही बोथट भासते. शिवाय दाते ज्या टंगस्टन कार्बाइडचे असतात, त्यातले अतिकठीण कण कोबाल्ट या धातूने बांधलेले असतात. लाकडातली आम्ले या कोबाल्टला हळूहळू खातात, आणि बंध सैल झालेले कण धारेवरून निसटत जातात. १९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी ही संयुक्त सामग्री घडवली. ती पोलादाहून कितीतरी कठीण आहे, पण ठिसूळही तेवढीच आहे.

म्हणून आधी यंत्राचा प्लग काढावा, पाते उतरवून उथळ थाळीत सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात अथवा पात्यांसाठीच्या क्लीनरमध्ये काही मिनिटे भिजवावे आणि नायलॉनच्या किंवा पितळी तारांच्या ब्रशने दात्याच्या मुळाकडून टोकाकडे घासावे. तीव्र क्षारी द्रावणात रात्रभर बुडवून ठेवू नये. पुसल्यावर लगेच पूर्ण वाळवावे, नाहीतर पत्र्यावर गंज धरतो. पाते परत चढवण्याआधी शाफ्टवरची चकती, म्हणजे फ्लॅन्ज, बोटाने पुसून घ्यावी. पाते जेथे टेकते तेथे ०.१ मिलिमीटरचा भुशाचा एक कण राहिला, तर परिघापर्यंत त्याचा परिणाम वाढत जाऊन पाते इकडून तिकडे ०.३ मिलिमीटरच्या आसपास हेलकावते. पुष्कळदा नव्या पात्याचा खडबडीत छेद एवढ्या एका कणामुळे आलेला असतो.

स्वच्छ करूनही लाकूड ढकलायला जास्त जोर लागत असेल, तर दिव्याखाली एकेक दाता फिरवून पाहावा. तीक्ष्ण धारेवर प्रकाश थांबत नाही, त्यामुळे ती काळी रेष दिसते. झिजलेली धार पांढऱ्या तंतूसारखी चमकते. अशा पात्याला कानस लावून उपयोग नाही, कारण कार्बाइडपुढे कानसच झिजते. हिऱ्याच्या कणांचे चाक असलेल्या यंत्रावर सर्व दाते एकाच उंचीला आणि मूळच्या कोनात घासून घ्यावे लागतात. दात्यांवर कार्बाइड पुरेसे जाड असेल, तर हे अनेकदा करता येते. तुकडा उडालेला दाता मात्र वेगळ्या चिंतेचा विषय आहे, कारण त्याच्या मागच्या दात्यावर दुप्पट घासाचा भार पडतो. असे पाते धार लावायला देताना तो दाता खडूने खूण करून दाखवावा, आणि तो बदलून मिळेपर्यंत पाते यंत्रावर चढवू नये.